बांधाचं तोंड

नर्मदाकाकी कुणाच्याही घरी गेली की आधी भिंत वाजवून बघायची. चहा नंतर, ख्यालीखुशाली नंतर. उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून दाराशेजारच्या भिंतीवर टकटक करायची, मान कलती ठेवून ऐकायची आणि तिथल्या तिथे निकाल द्यायची. "भरीव हाय." नाहीतर, "पोकळ हाय गं. गवंड्यानं फसवलं तुमाला." मी लग्न होऊन या गावात आले, तेव्हा संक्रांतीच्या माझ्या पहिल्याच हळदीकुंकवाला ती आली आणि वाण हातात घ्यायच्या आधी आमची भिंत वाजवून म्हणाली, "पोकळ." माझ्या सासूबाईंनी त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. काकीला ते कळलंसुद्धा नाही.

मी घाटावरची, जुन्नरकडची. आमच्याकडे बाईमाणूस दुसऱ्याच्या घरी जाऊन भिंती वाजवत नाही. नेरळ-कर्जत रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या या गावात मला सगळंच नवीन होतं. भातशेती नवीन, पाऊस नवीन आणि ही शेजारीण तर फारच नवीन. पहिल्या वर्षी मी तिला अहो-जाहो करायचे. एक दिवस ती म्हणाली, "शोभे, मी काय मास्तरीन हाय का गं? काकी म्हनतेस आनि तुमी-तुमी करतेस!" तेव्हापासून मी तिला तू म्हणू लागले आणि ती माझ्या स्वयंपाकघरात मागच्या दारानं येऊ लागली.

उंच, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत बाई. काष्टा घालून चिखलात उतरली की गड्याला मागे टाकायची. धर्माकाका, म्हणजे तिचे यजमान, लवकर गेले. एक मुलगी पनवेलला दिलेली. उताराला एकाखाली एक अशी तिची भाताची खाचरं होती. पुढे आजूबाजूला इमारती यायला लागल्या, जो तो खाचरात मुरूम टाकून खोल्या काढायला लागला, तेव्हा काकीनंही रस्त्याकडचं एक खाचर बुजवलं आणि त्यावर भाड्यानं द्यायला एक छोटं घर बांधलं. बाहेरची खोली, आतली खोली, मागे स्वयंपाकघर. बाकीची खाचरं तिनं शेवटपर्यंत स्वतः लावली.

ते घर तिचा जीव की प्राण. बांधकाम चालू असताना ती रोज विटांवर पाणी मारायला जायची. भाडोत्री येणार म्हटलं की तिची एकच अट असायची. भिंतीला खिळा मारायचा नाही. बाकी तुम्ही मटण करा, मासे करा, पाहुणे आणा, काही म्हणणं नाही. खिळा नाही म्हणजे नाही. एका नव्या नवरा-बायकोनं लग्नाचा फोटो लावायला हातोडी उचलली, तर ही रस्त्यावरून आवाज ऐकून धावत गेली. "काय करतोस रं! भिंतीत जीव अस्तो!" बिचाऱ्यांनी तो फोटो खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला. वारा आला की जोडपं गरागरा फिरायचं.

बरं, नियम फक्त दुसऱ्यांना असता तर आम्ही तिला नावं ठेवली असती. पण तिच्या स्वतःच्या घरातही खिळा नव्हता. धर्माकाकांचा फोटो फ्रिजवर भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. फ्रिज थरथरला की फोटो हळूहळू पुढे सरकायचा. काकी पोळ्या लाटता लाटता उठायची, म्हणायची, "निगाले कुटं?" आणि त्यांना मागे ढकलून परत पोळपाटापाशी बसायची.

तिचा आणखी एक किस्सा गावात अजून सांगतात, तो पाण्याचा. इथे वरच्या खाचरातलं पाणी बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्या खाचरात येतं, तिथून त्याच्या खालच्यात, असं करत करत ओढ्याला जातं. हे तोंड कुणी कुणाचं बुजवायचं नसतं. चुलत पुतण्या भिवानं एकदा आपल्या खाचरात भराव टाकताना काकीच्या बांधाचं तोंड बुजवलं. तिचं भात पाण्यात उभं राहून पिवळं पडायला लागलं. काकी फावडं घेऊन, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन, भर पावसात बांधावर जाऊन बसली. भिवा म्हणाला, "काकी, घरी चल, उद्या बघू." ही म्हणाली, "चार मानसं बोलव. चार मानसांत सांग का मी नर्मदेचं पानी आडवलं. मंग मी उठते." माणसं जमली. भिवानं मान खाली घालून चूक कबूल केली आणि स्वतःच्या हातानं तोंड उघडलं. त्या दिवशी ती जे बोलली ते गावात म्हण होऊन बसलं. "पानी पाव्हना हाय. आला तं बसू द्यावा, निगाला तं वाट द्यावी." मुलं भांडताना एकमेकांना अडवायला लागली तरी आमच्याकडे कुणीतरी हे वाक्य टाकायचं.

तर अशी ही बाई. आणि तिच्या घरात आले शेळके.

शेळके माणूस म्हणून वाईट होते असं मी म्हणणार नाही, पण त्यांच्याशी दोन वाक्यं बोललं की तिसऱ्याला भांडण व्हायचं. खालापूरकडे कुठल्याशा कारखान्यात नोकरी. बायको मंगल, गरीब गाय. मुलगी ऋतुजा, नेरळला शाळेत. शेळक्यांना काहीही सांगा, आधी "नाही" म्हणायचे. आज गरम होतंय म्हटलं तरी, "नाही, कालच्यापेक्षा कमी आहे." मोटारसायकल अशी लावायचे की आमची रिक्षा निघायची नाही. पंप चालू ठेवून विसरायचे, टाकी वाहायची, आणि काकी ओरडली की म्हणायचे, "टाकीला झाकण नीट नाही, आधी ते बघा." काकीला ते कधी काकी म्हणाले नाहीत. "ओ घरमालक," अशी हाक मारायचे. ती हाक ऐकली की काकीच्या कपाळाची शीर उडायची.

पहिल्या पावसाळ्यात त्यांची तक्रार आली. स्वयंपाकघरात मोरीच्या कोपऱ्यात जमिनीतून पाणी येतं. काकी गेली, कोपरा बघितला, भिंत वाजवली. "भरीव हाय. तुमीच सांडता, मोरी साफ ठेवा." शेळके म्हणाले, "नाही. पाणी खालून येतंय." काकी म्हणाली, "खालून कुटून येईल? खाली मुरूम हाय." शेळके म्हणाले, "घर बांधताना डोकं वापरायचं होतं." झालं! त्यानंतर ते दोघं एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. पुढे शेळक्यांचा फोन आला की काकी फोन पदरात गुंडाळून ठेवायची. "हेचं रडगानं परत," म्हणायची.

दुसऱ्या पावसाळ्यात श्रावणात मी नागपंचमीला माहेरी गेले होते, आमचे हे मला सोडायला म्हणून आले आणि घाटात दरड आल्यानं तिथेच अडकले. काकी पनवेलला मुलीकडे गेलेली. इकडे पाऊस कोसळला. आम्ही परतलो तेव्हा ऊन पडलं होतं, अंगणं वाळली होती. शेळके नेहमीपेक्षा गप्प होते, एवढंच जाणवलं. गणपती झाले आणि एक दिवस त्यांनी टेंपोत सामान भरलं. तात्पुरते मेहुण्याकडे राहतो, याच गावात दुसरी खोली बघतोय, असं मंगल मला म्हणाली. शेळक्यांनी किल्ली आमच्या ओट्यावर ठेवली. "घरमालकांना सांगा, बघून घ्या." एवढंच बोलून गेले.

काकी आणि मी घर उघडायला गेलो. ते दृश्य मी विसरणार नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला, अगदी जमिनीलगत, भलं मोठं भगदाड. सहज एक घागर आरपार जाईल एवढं. त्यात गोणपाट कोंबलेलं. मोरीपासून त्या भगदाडापर्यंत फरशा उखडलेल्या, खाली उकरलेलं. दोन्ही दारं खालून करवतीनं कापलेली. आणि खिळे! चारी भिंतींना, उंचावर, जिथे हात पुरेल तिथे खिळे. जाड, गंजलेले, वाकडेतिकडे खिळे.

काकी आत शिरली. एकेका खिळ्याला हात लावत भिंतीच्या कडेकडेनं फिरली. मग उखडलेल्या फरशीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. मी तिला धर्माकाका गेले तेव्हाही एवढं रडताना बघितलं नव्हतं. "सूड उगवला गं मेल्यानं," म्हणाली, "माज्या घराचा सूड उगवला."

मी म्हणाले, "काकी, मंगल म्हणत होती, पावसात घरात पाणी आलं होतं."

"पानी आलं म्हून कोन भिंत फोडतो? आनि पानी कुटलं? शेत व्हतं तवा पानी व्हतं!"

त्या भांडणात पैसा हा विषय नव्हता, हे सांगून ठेवते. काकीला राग होता तो वेगळा. आणि तिचा राग म्हणजे गावभर. गिरणीवर दळण घेऊन गेली, तिथे सांगितलं. नेरळच्या बाजारात मासळीवालीला सांगितलं. मोबाईलवर भगदाडाचे फोटो काढून मुलीकडून सगळ्यांना पाठवले. लोक घर बघायला येऊ लागले. ती प्रत्येकाला आत न्यायची, भगदाड दाखवायची, खिळे दाखवायची. "ह्या मानसाला खोली देऊ नका. आज माजं घर फोडलं, उद्या तुमचं फोडंल." आणि नर्मदाकाकीच्या शब्दाला गावात वजन होतं. खोटं बोलणारी बाई नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक.

शेळक्यांना गावात खोली मिळाली नाही. नेरळलाही मिळाली नाही. दोन ठिकाणी ठरलेलं मोडलं. मंगल शेवटी मला रस्त्यात भेटली, तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "कुंभिवलीला जातोय, वहिनी. ह्यांना कारखाना जवळ पडेल. ऋतुजाची शाळा मध्येच सोडावी लागतेय, पुढचं वर्ष तिचं दहावीचं." मी काकीला हे सांगितलं. काकी म्हणाली, "बापानं विचार करायला पायजे व्हता." तेव्हा तिला मनापासून तसं वाटत होतं, आणि मलाही त्यात काही चूक दिसली नाही.

काकीनं गवंडी लावून भगदाड बुजवलं. पक्क्या विटा, पक्कं सिमेंट. फरशा नव्या, दारं नवी. खिळे एकेक उपटून, भोकं भरून, रंग दिला. मग टकटक केलं आणि म्हणाली, "भरीव." पण भाडोत्री ठेवायला तिचं मन होईना. घर रिकामंच ठेवलं. सुगीनंतर वर्षाचा तांदूळ, बियाणाचं भात, पिंपं, गोणी, सगळं तिनं तिथे नेऊन रचलं.

पुढच्या श्रावणात, दुपारची वेळ, धोधो पाऊस. मागच्या दाराला मी कपडे आत घेत होते. काकीचा आवाज आला. नुसता "शोभेऽऽ" एवढाच, पण असा की आमचे हे जेवणावरून उठले. आम्ही पळत गेलो. काकी त्या स्वयंपाकघरात पोटरीभर पाण्यात उभी होती. पाणी दारातून येत नव्हतं. मोरीच्या कोपऱ्यात नवी फरशी उचलली गेली होती आणि खालून गढूळ पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येत होतं. आलेलं पाणी जायला जागा नव्हती. नवी दारं फुगून घट्ट बसली होती, एक उघडलं, दुसरं उघडेना. खालच्या गोणी भिजल्या होत्या. आम्ही वरच्या गोणी उचलून टांगायला जागा बघू लागलो, तर भिंती साफ कोऱ्या. एक खिळा नाही.

तेव्हा काकीनं वर बघितलं. मग बुजवलेल्या भगदाडाच्या जागेकडे बघितलं. मला तिचा चेहरा दिसत होता. तो एकदम उतरला.

"रमेश, पहार आन," ती यांना म्हणाली.

यांनी पहार आणली, मारायला हात उचलला. तिनं ती हिसकावून घेतली आणि स्वतः घाव घातला. बरोबर त्याच जागी. पक्क्या विटा, पक्कं सिमेंट, फुटता फुटेना. ती हुंदके देत मारत होती. वीट निघाली, आणि पाणी असं सुसाट त्या वाटेनं बाहेर गेलं की जणू वर्षभर तिथेच खोळंबलं होतं. बघता बघता पोटरीचं घोट्यावर आलं.

काकी पहार टाकून भिंतीला धरून उभी राहिली. "ह्ये तोंड हाय गं," म्हणाली. "बांधाचं तोंड. ह्या खाचराचं. नवी नवरी व्हते तवापासून दर श्रावनात मीच फावड्यानं उघडायची. माज्या हातानं. ठेकेदारानं इचारलं व्हतं, काकी, खालून पाईप सोडू का? मी म्हनाले, शेतच नाय ऱ्हायलं तं पानी कशाला येतंय?" मग म्हणाली, "वरची खाचरं तं लोक अजून लावतात. त्यांचं पानी कुटं जाईल? मी भिवाला बांधावर बसून लाज आनली, आनि मी..."

तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. मी तिला शेजारून कितीदा बघितलं होतं, रागावलेलं, हसताना, शिव्या देताना. तोंड झाकून घेतलेलं कधी बघितलं नव्हतं.

सगळंच उलगडलं मग. खिळे कशाला, तर धान्याच्या पिशव्या, अंथरुणं, पोरीचं दप्तर वर टांगायला. दारं का कापली, तर फुगून अडकली म्हणून. फरशा का उखडल्या, तर पाण्याला वाट म्हणून. त्या माणसानं भर पावसात एकट्यानं तिचं घर वाचवलं होतं, आणि त्यातला एकेक घाव दाखवत ती गावभर फिरली होती. त्या दिवशी त्यांनी तिला किती फोन केले असतील! तो फोन तिच्या पदरात वाजत होता.

त्यानंतर काही दिवस काकी घराबाहेर पडली नाही. दळण मी आणून द्यायचे. समोर बसली तरी नजर जमिनीवर. "लोकं काय म्हनतील याची लाज नाय गं," एकदा म्हणाली. "ती पोरगी रोज सकाळी माज्या दारावरनं शाळेत जायची. ती म्हनेल काय?"

शेवटी एक दिवस तिनं ठेवणीतली नऊवारी नेसली, वरच्या पिंपातला कोरडा राहिलेला तांदूळ पोत्यात भरला आणि आमच्या रिक्षात येऊन बसली. "कुंभिवलीला चला. शोभे, तू पन चल. एकटीचे पाय उचलनार नाय." वाटेत कर्जत आलं, गेलं. आपलं काय म्हणायचं ते मनात घोकत असावी. ओठ हलत होते.

शेळक्यांची खोली हायवेला लागून होती. चाळीसारखी ओळ, समोर टायरचं दुकान, सारखे ट्रक. शेळके दारातच होते. काकीला बघून त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मंगल मागे येऊन उभी राहिली.

आता तिनं आत जावं, बसावं, हळूच दोन शब्द बोलावेत. पण ती नर्मदाकाकी. तिच्या हिशेबानं चार माणसांत केलेली चूक चार माणसांतच कबूल करायची असते. ती चाळीच्या मधोमध उभी राहिली आणि ओरडून म्हणाली, "अवो, सगळे भायेर या! माजं आयका!" ट्रक जात होता म्हणून आणखी मोठ्यानं. दारं उघडली. टायरवाला आला. तो शेळक्यांचा नवा घरमालक निघाला.

"ह्या मानसानं माज्या घराची भिंत फोडली," काकी म्हणाली, "फरशा फोडल्या, दारं कापली..."

"कुठली भिंत?" टायरवाला शेळक्यांकडे वळून म्हणाला.

शेळक्यांचा चेहरा पांढरा पडला. "हळू बोला हो," ते म्हणाले. "इथे कुणाला काही माहीत नाही."

काकी तिथल्या तिथे थिजली. मग घाईघाईनं सांगू लागली. पाणी आलं होतं, वाट मीच बुजवली होती, ह्यानं घर वाचवलं, मी ह्याला गावात उभा राहू दिला नाही, दोष माझा. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, रडत सांगितलं. टायरवाला मान हलवत ऐकत होता, पण मधूनच त्याची नजर स्वतःच्या भिंतीकडे जात होती. मला ते दिसलं. काकीलाही दिसलं असणार.

तिचं बोलून झालं. ती शेळक्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिचे दंड धरून तिला उभं केलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झालेला मी ऐकला.

"काकी," ते म्हणाले, "तिथे मला न विचारता बोललात. इथेही न विचारताच बोललात. एकदा फक्त विचारायचं होतं, का फोडली म्हणून. मी चांगलं उत्तर दिलं नसतं कदाचित. पण विचारायचं होतं."

त्यांनी तिला काकी म्हटलेलं ते पहिलंच. तांदळाचं पोतं मंगलनं ठेवून घेतलं, आम्हाला चहा दिला. ऋतुजा आली. काकीनं विचारलं, "शाळा कशी हाय गं?" ती म्हणाली, "लांब आहे." आणि आत गेली. निघताना शेळके रस्त्यापर्यंत आले नाहीत. परतताना काकी रिक्षात माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली. "आनखी घान करून आले गं," एवढंच म्हणाली.

गावात आल्यावर मात्र तिनं एकेक दार घेतलं. गिरणी, बाजार, भिवाचा ओटा. जिथे जिथे बोलली होती तिथे तिथे जाऊन आपले शब्द परत घेतले. लोक म्हणायचे, "जाऊ दे काकी, होतं असं." ती म्हणायची, "व्हत नाय. केलं मी." भिवानं तेवढ्यात विचारलं, "काकी, चार मानसं बोलवू का?" तिनं शांतपणे मान हलवली, "बोलव बाबा." त्यानं बोलावली नाहीत. उलट तोच खजील झाला.

गवंडी म्हणाला, भगदाडात पाईप बसवून वरून छान प्लास्टर करून देतो, कळणारसुद्धा नाही. काकीनं नको म्हटलं. "कळू दे." कडा तेवढ्या सिमेंटनं पक्क्या करून घेतल्या, जाळी बसवली, फरशीतून पन्हळ काढून घेतली. दर पावसाळ्यात स्वतः जाऊन तिथला गाळ काढायची. पूर्वी खोली दाखवताना आधी फरशा आणि भिंती दाखवायची. आता भाडोत्री आला की त्याला सरळ स्वयंपाकघरात न्यायची, त्या भगदाडापुढे उकिडवी बसायची आणि सगळं सांगायची. काही लोक ते ऐकूनच पळायचे. खिळ्यांचा नियम गेला. "मारा," म्हणायची, "पन कशाला मारता ते मला सांगा." धर्माकाका तेवढे फ्रिजवरच राहिले. "त्यांना सवय झाली," म्हणायची. आणि कुणाच्या घरी जाऊन भिंत वाजवणं तिनं बंद केलं. आमच्याकडे यायची, भिंतीपाशी हात जायचा, आणि तो हात ती पदरात घ्यायची.

काकी गेल्या दिवाळीच्या आधी गेली. श्वास लागायचा, पाय सुजायचे. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिली आहे ती त्याआधीच्या श्रावणातली. एक नवं जोडपं खोली बघायला आलं होतं. तिला धड चालवत नव्हतं, तरी मला धरून आली. वाकवत नव्हतं, म्हणून मी बादली पालथी घातली, तिच्यावर बसली. बाहेर पाऊस होता. पन्हळीतून पाणी जाळीपर्यंत येऊन बाहेर जात होतं. त्या मुलीनं विचारलंच, "हे भगदाड कसलं?"

"शोभे, आज तू सांग," काकी म्हणाली. "मला दम पुरत नाय."

मला कीव आली तिची. मरणाच्या दारातल्या बाईला परक्या पोरांसमोर कशाला उघडं पाडायचं? मी म्हणाले, "इथून पावसाचं पाणी जातं. आधीच्या भाडोत्र्यांनी सोय करून घेतली होती, काकीनं ती तशीच ठेवली."

टकटक.

मी वळून बघितलं. काकीनं बोट दुमडून शेजारची भिंत वाजवली होती. कितीतरी दिवसांनी. पण बघत होती ती माझ्याकडे.

"पोकळ बोलतेस," म्हणाली. "नीट सांग. माजं नाव घेऊन सांग."

मग मी सांगितलं. बांधाचं तोंड, ठेकेदार, न उचललेले फोन, गावभर दाखवलेले फोटो, पोरीची शाळा, कुंभिवलीची चाळ. तिचं नाव घेऊन सांगितलं. काकी बादलीवर मान खाली घालून ऐकत होती, मध्ये मध्ये होकार देत होती. भिवा त्या दिवशी बांधावर असाच उभा असेल.

माझं झालं तेव्हा ती पोरगी काकीपुढे बसली आणि हळूच म्हणाली, "मग त्यांनी माफ केलं का तुम्हाला, आजी?"

"नाय," काकी म्हणाली. "त्यानं का करावं?"

मग तिनं उठायला माझा हात मागितला आणि उठता उठता त्या पोरीला म्हणाली, "बरं, तुजे खिळे कुटं मारायचे ते दाखव."